मदत हवी आहे: आईच्या डोळ्यांसाठी वाइडफील्ड फोटो आणि ओसीटी, दोन्ही कशाला?

मंडळी, आई ६३ वर्षांची, १४ वर्षांपासून मधुमेह, राहते कराडला. पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतात म्हणाली, म्हणून पुण्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अल्ट्रा वाइडफील्ड फोटो (पडद्याचा खूप मोठा भाग एकदम टिपणारा) आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) लिहून दिलं. काउंटरवर विचारलं, तर "लेझरने पडदा स्कॅन करतात" एवढंच उत्तर. लेझर म्हटल्यावर आई तिथूनच माघारी फिरली! मामांच्या पडद्यावर मागे लेझर मारलं होतं, त्या दुखण्याची गोष्ट तिने त्यांच्याच तोंडून दहादा ऐकली आहे.

मी थोडं वाचलं. वाइडफील्डमध्ये लाल आणि हिरवा लेझर पडद्यावरून फिरवून चित्र जुळवतात. एका फोटोत २०० अंश येतात, पडद्याचा फोटो काढणाऱ्या साध्या फंडस कॅमेऱ्यात ३० ते ५०. हे यंत्र घडवणारे स्कॉटलंडचे डग्लस अँडरसन. पडदा सुटल्याचं उशिरा कळल्याने त्यांच्या लहान मुलाची एका डोळ्याची नजर गेली होती. ते वाचून माझीच धास्ती वाढली.

एवढा मोठा फोटो निघतो, तर वर ओसीटी कशाला? आणि हा लेझर भाजत नाही, हे आईला कसं पटवू?

प्रतिसाद:
मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी तंत्रज्ञ आहे, रोज ही यंत्रं चालवते. वाकड्या ओळींसाठीच ओसीटी लागतं. फोटोत पडदा वरून दिसतो. ओसीटीत त्याचा उभा छेद दिसतो, चिरलेल्या कांद्याचे थर दिसावेत तसा. मधोमध पाणी साचून सूज असेल तर जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजता येते. इंजेक्शन द्यायचं का, दिलेलं लागू पडतंय का, हे ठरवताना तो आकडा फार कामाचा. कडेचे रक्तस्राव मात्र फोटोत सापडतात.

मामांचा लेझर मुद्दाम डाग देण्यासाठी होता. फोटोचा हा लेझर अगदी मंद असतो, एका जागी थांबत नाही. बऱ्याच ओसीटी यंत्रांत तर लेझरही नसतो, डोळ्याला जेमतेम दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. हनुवटी टेकवून खुणेकडे बघायचं, बस. फोटो हिरवट आला, खाली पापण्यांच्या केसांची सावली दिसली तर घाबरू नका. पण आता थांबू नका, याच आठवड्यात जा.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई. "डाग देतात तो लेझर वेगळा" म्हटल्यावर आई तयार झाली. गुरुवारची वेळ घेतली. बाहुली मोठी करणारे थेंब परत घालतील का? त्यावर मुक्कामाचं ठरवतो.

प्रतिसाद:
घालतील असंच धरून चला. काही तास धूसर दिसेल, ऊन डोळ्यांत खुपेल. गॉगल न्या, आणि आईंना एकट्या एसटीत बसवू नका.