फ्लॅगस्टाफचं स्टेशन: कोण कोण उतरलंय तिथे? अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात ग्रँड कॅन्यन करून परत येताना फ्लॅगस्टाफला जेवायला थांबलो आणि भर गावातल्या रेल्वे फाटकात अडकलो. एक मालगाडी गेली, आता उघडेल म्हणेपर्यंत उलट्या दिशेने दुसरी. मुलं वैतागली, मी कार बाजूला लावून सरळ स्टेशनात. आपली इतकी मंडळी कॅन्यनला जाताना या गावातून जातात, पण तिथे डोकावतं कोण? 1882 ला रूळ इथवर आले, त्याच वर्षी लाकूड कापायची मोठी मिल सुरू झाली, आजूबाजूला पाइनचं जंगलच जंगल, आणि त्या दोन्हींवर हे अ‍ॅरिझोनातलं गाव वाढलं. 1889 चं लाल दगडाचं जुनं स्टेशन शेजारीच अजून उभं आहे. आताचं 1926 चं, उभ्या उताराचं छप्पर, खाली विटा आणि वर लाकडी पट्ट्या, इंग्लंडमधल्या कुठल्या तरी खेड्यातून उचलून आणल्यासारखं. गंमत अशी की त्याच वर्षी रूट 66 या हायवेला त्याचा नंबर मिळाला आणि तो रस्ता स्टेशनच्या अगदी दारातून जातो, म्हणजे रेल्वेने हौसेने नवं स्टेशन बांधलं आणि तिचे पॅसेंजर पळवणारा त्याच साली दारात येऊन बसला. आज तिथे पॅसेंजर गाड्या दिवसाला दोनच, एक शिकागोकडे, एक लॉस एंजेलिसकडे. इमारतीत टुरिस्ट माहिती केंद्र आहे, फ्रिज मॅग्नेट मिळतात (घेतला, मुलं शांत).

तुमच्यापैकी कोणी खरंच गाडीने गेलंय का?

दोन बॅगा

मी गेलेय! एमएस करायला इथल्या एनएयूला (नॉर्दर्न अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटी) आले तेव्हा लॉस एंजेलिसहून रात्रीची साउथवेस्ट चीफ ही गाडी घेतली होती कारण विमानाचं पुढचं तिकीट परवडत नव्हतं. उजाडायच्या आत उतरले. डबा डबलडेकर, प्लॅटफॉर्म अगदी खाली, अटेंडंटने दारात एक छोटं स्टूल ठेवलं आणि त्यावर पाय ठेवून खाली. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, एकात आईने दिलेला कुकर. वीस पावलं ओढल्या आणि धाप लागली, मला वाटलं घाबरलेय म्हणून, नंतर कळलं गावच सात हजार फुटांवर आहे. ऑगस्टमध्ये थंडी वाजली तो पहिलाच अनुभव. पुढे दोन वर्षं कॉलेज रुळांच्या दक्षिणेला नि काम उत्तरेला, त्यामुळे उशीर झाला की "फाटक पडलं होतं" हे कारण कायम खिशात. आणि ते चालायचंही, कारण सांगणारा नि ऐकणारा दोघेही त्याच फाटकात अडकलेले असायचे. तेव्हा रात्री हॉर्नने झोप उडायची, आता क्रॉसिंगवर हॉर्न कमी केलेत म्हणे.

घड्याळवाला

आमचा घोळ वेगळाच. मावसभाऊ जुलैत गेला होता, त्याने सांगितलेली पहाटेची वेळ मी नोव्हेंबरअखेर जशीच्या तशी धरली. अ‍ॅरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, बाकीच्या बहुतेक राज्यांत करतात, त्यामुळे अ‍ॅरिझोनाच्या घड्याळाने उन्हाळ्यात गाडी तासभर आधी येते. आम्ही तासभर आधीच हजर, बायकोने काय ऐकवलं ते लिहीत नाही. पण त्या तासात शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी क्लाइड टॉमबॉची गोष्ट सांगितली. कॅन्ससच्या शेतावरचा बावीस वर्षांचा पोरगा, कॉलेजचं तोंड न बघितलेला, जानेवारी 1929 मध्ये ट्रेनने याच स्टेशनवर उतरला आणि लोवेल वेधशाळेचे संचालक स्वतः त्याला न्यायला आले होते. 18 फेब्रुवारी 1930 ला त्याने प्लूटो शोधला! मी उठून बाहेर जाऊन प्लॅटफॉर्म परत एकदा बघून आलो. साधाच आहे.

भुसावळकर

बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, सगळी नोकरी भुसावळला. ते इकडे आले तेव्हा कॅन्यन दाखवला, "छान आहे" म्हणाले आणि विषय संपला. फ्लॅगस्टाफला मात्र स्टेशनच्या बाकावरून तीन तास हलले नाहीत. पहिला प्रश्न, "अरे, वरच्या तारा कुठंयत?" सगळं डिझेलवर चालतं म्हटल्यावर विश्वासच बसेना. मग कंटेनरवर कंटेनर चढवलेली गाडी आली, पुढे चार इंजिनं, बाबा बोटं मिटत डबे मोजायला लागले, ऐंशीच्या पुढे हिशोब चुकला तर चिडले, पुढच्या गाडीला पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक गाडीचं शेवटचं टोक जवळ आलं की उठून उभे राहायचे. मला आधी कळेना कशाला. शेवटच्या डब्यावर फक्त एक लाल दिवा लुकलुकणारी पेटी, माणूस नाही. त्यांना सांगितलं की इथे मालगाडीच्या मागचे गार्डाचे डबे कधीच काढून टाकलेत, ती पेटीच ब्रेकच्या हवेचा दाब पुढे ड्रायव्हरला कळवते. "बरं," म्हणाले. पुढची गाडी आली तेव्हाही उठले आणि पेटी समोरून जाताना हात वर केला.