भगर एकादशीला आपण खातो, पिकवणारे काय खातात?

‘लोकांना भरडधान्याचं महत्त्व कळत नाही, जागृती हवी’ असं नेहमी म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धवट वाटतो. पालघरच्या आदिवासी भागातल्या, जव्हार-मोखाड्याकडच्या बायांना नाचणी-वरीचं महत्त्व शिकवायला आपण कोण?

अडचण उखळात आहे. नाचणी सरळ दळता येते, पण वरीवरचं टरफल काढावंच लागतं. एका घरी मी स्वतः कांडून पाहिलं. दहा मिनिटांत खांदे भरून आले, आणि सुपात पाखडल्यावर हाती आली जेमतेम दोन वाट्या वरी! शेजारी रेशनचा तांदूळ पोत्यात तयार. दिवसभर मजुरी करून आलेली बाई काय शिजवेल?

मग वरी टरफलासकट व्यापाऱ्याला जाते. नाशिककडच्या गिरण्यांत ती पांढरीशुभ्र होते आणि भगर म्हणून शहरात आपल्या उपासाच्या ताटात येते. पॉलिशमध्ये कोंडा गेला, म्हणजे तंतू आणि बरीच खनिजंही गेली. तेव्हा आपणही फार काही कमावत नाही म्हणा.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळतं. म्हणजे कायद्यात भरडधान्याला जागा आहेच. पण १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेली नाचणी स्थानिक खरेदी करून त्याच तालुक्यातल्या अंगणवाडीत द्यायची, आणि दोन-चार गावांत मिळून टरफल काढायचं एक छोटं यंत्र बसवायचं, एवढं झालं तरी पोस्टर छापायची गरज उरणार नाही.