‘ख्रिस्तकेंद्रित’ला घरातला शब्द कोणता?

शरणपूरकर : सलाम मंडळी. चर्चच्या तरुण संघाच्या शिबिराचं पत्रक इंग्रजीवरून मराठीत करतोय, त्यात ‘ख्रिस्तकेंद्रित जीवन’ लिहिलं. आत्याला वाचून दाखवलं तर म्हणे, केंद्र म्हणजे परीक्षेचं असतं तसं का रे? पहाटे प्रार्थना केल्याशिवाय गॅस न पेटवणारी बाई, मी तिचंच जगणं लिहिलेलं आणि तिला ते ओळखूच आलं नाही. तेव्हापासून अडलोय.

मधुरा_नाशिकरोड : ‘ख्रिस्त मध्यस्थानी’ चालेल ना?

जुना मास्तर : नको ताई, वाचणारा ‘मध्यस्थ’कडे जाईल. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि माणसं यांच्यातला एकच मध्यस्थ आहे, तो अर्थ वेगळा. आणि ‘केंद्रित’ हा पेपरातला शब्द. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली जाईपर्यंत बायबल सोप्या मराठीत आणत राहिल्या, ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच ना? मग आपण संस्कृत कशाला लादायचं?

पराणी : मास्तर, केंद्र मुळात संस्कृत नाहीच! ग्रीक ‘केंत्रोन’, ज्योतिषाबरोबर इकडे आला. मूळ अर्थ टोचणारं टोक, बैल हाकायची टोकदार काठी, म्हणजे पराणी. प्रेषितांची कृत्ये अध्याय २६ मध्ये प्रभू पौलाला म्हणतो की पराणीवर लाथ मारणं तुला कठीण, तिथे ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. मला तर तो फार पटतो, कारण दुकानात वजन करताना हात जरा हलका पडला की आत टोचतंच, आणि तेव्हाच कळतं प्रभू कुठे आहे ते. शब्द ठेवा, आत्यांना समजावून सांगा.

निफाडकर : समजावून सांगावा लागतो तो शब्द घरातला कसा? आमचे आजोबा म्हणायचे, येशू घराची मेढ. खळ्यात मधोमध मेढ, म्हणजे लाकडी खांब, रोवायची आणि तिच्याभोवती बैल फिरायचे, मळणी व्हायची.

मधुरा_नाशिकरोड : पण दादा, बैल बांधलेले असतात, आपण प्रेमाने येतो. आणि आता मळणी यंत्रावर होते, शिबिरातल्या पोरांनी मेढ बघितलीय कुठे?

शरणपूरकर : आत्यालाच विचारलं, तू काय म्हणशील? म्हणाली, “मी त्याला विचारून करते.” बाजार, सुनेशी बोलणं, सगळं.

निफाडकर : छान. पण मेढ नको तर वेल घ्या, योहान १५, ‘माझ्यामध्ये राहा’. नाशिकच्या पोराला द्राक्षवेल सांगावा लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग मेल्यासारखी दिसते, पण ऑक्टोबर छाटणीनंतर जे घड येतात ते एप्रिलनंतर फुटलेल्या काड्यांवरच.

जुना मास्तर : त्याच अध्यायात फळ देणाऱ्या फाट्याबद्दल जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ ‘स्वच्छ करणे’, छाटणी हा बागेतला अर्थ.

निफाडकर : मास्तर, बागेत स्वच्छ करणं कात्रीनेच होतं.

पराणी : आणि बायबलात ‘खरा द्राक्षवेल’, तो वेल. आमच्याकडे ती वेल म्हणतात.

जुना मास्तर : दोन्ही चालतं, पण प्रभू स्वतःबद्दल बोलतोय, तिथे ‘तो’च हवा.

मधुरा_नाशिकरोड : का हवा? मी बाळ येशूच्या यात्रेत ‘ती वेल’ म्हणतानाच ऐकलंय.