टीव्हीवर चित्र उजळवतात, तसं रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मीचं करता येईल का?

माळवद_सोलापूर
माहितीपटांत पिवळं पडलेलं तैलचित्र कापसाच्या बोळ्याने पुसतात आणि खालचे रंग लख्ख निघतात. शुक्रवार पेठेतल्या वाड्यात काचेतली लक्ष्मी आहे, साधारण २० बाय १४ इंच. व्हार्निश तपकिरी झालंय, मागची फळी उललीय, खालचा एक कोपरा काचेला चिकटलाय. ते रसायन सोलापुरात मिळेल का?

कागदपारखी
मिळेल, पण लावू नका. आधी दहापट भिंगातून चेहरा बघा. रंगांचे बारीक ठिपके दिसले तर ती ओलिओग्राफ, म्हणजे शिळाछापाची प्रत. हाताला कॅनव्हाससारखी वीण लागली तरी फसू नका, ती दाबून उठवलेली असते. खाली 'कार्ला-लोणावळा' छापलं असेल तर प्रत मुंबईच्या काळातली नाही. प्रेस १८९४ला मुंबईत निघाला, कार्ला-लोणावळ्याजवळच्या मळवलीला नंतर गेला.

तैलचित्रात रंग वाळून कडक झालेला असतो, व्हार्निश त्याच्यावर वेगळं बसलेलं. म्हणून नेमकं द्रावक निवडलं तर तेवढाच थर उचलता येतो. तुमच्याकडे खाली कागद आहे. द्रावक लागलं की विरघळलेला पिवळेपणा कागदाच्या तंतूंत पसरतो आणि कडेला तपकिरी वळ उमटतो. तो निघत नाही.

शिवाय टीव्हीवर चाचण्या कापतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्राँटच्या 'नाइट वॉच'चं काम जुलै २०१९ला सुरू झालं, व्हार्निशला हात लागला नोव्हेंबर २०२४मध्ये!

चौकट_आणि_काच
व्हार्निश राहू द्या, खरा शत्रू ती फळी. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं, म्हणून मागून कागद ठिसूळ होतो. फ्रेम स्वच्छ पांढऱ्या कापडावर पालथी घाला, चुका (बारीक खिळे) पकडीने ओढा, हातोडी नको. मागची धूळ मऊ कुंचल्याने मधून कडेकडे. ओलं फडकं नाही, खोडरबर नाही, सेलोटेप तर मुळीच नाही. फळीच्या जागी आम्लरहित पुठ्ठा घाला आणि काच-कागदात माउंटने (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीने) ३-४ मिमी फट ठेवा. फट नसली की पावसाळ्यात काचेवर दमट धरतं आणि चित्र चिकटतं. तुमचा कोपरा बहुधा त्यानेच गेलाय.

भिंतीपासून चौकट सुटी राहावी म्हणून मागे बुचाचे तुकडे लावा. माळवद गळतं त्या भिंतीवर नको, एप्रिल-मेमध्ये तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवरही नको. डांबरगोळ्या फ्रेममागे खोचू नका.

माळवद_सोलापूर
आणि चिकटलेला कोपरा? साडीवर जरी-टिकल्याही आहेत.

कागदपारखी
मग फ्रेम उघडूच नका. ओढलात तर रंगाचा थर काचेवर राहील, कागद हातात येईल. जरीला पॉलिश नको, काळी पडली तरी तशीच असू द्या. काच, चित्र, चौकट सगळं एकत्र, आडवं ठेवून न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, आधी मागूनपुढून फोटो काढून त्यांना विचारा. जरीचा क्लोज-अप वेगळा काढा.