पुरात बुडालेली येझदी: इंजिन कव्हर आणि क्रोम घरच्या घरी कितपत उजळेल?

दुधाळीकर

नमस्कार मंडळी. आमच्या आबांची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे, १९८७ ची. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात आमच्या दुधाळीत शिरलं तेव्हा गाडी सोप्यात उभी होती. आधी आजी आणि म्हशी हलवल्या, मग धान्य, आणि गाडी तिथंच राहिली. पाणी सीटला टेकलं होतं, भिंतीवर रेघ अजून आहे. पाणी उतरल्यावर आबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली ती टाकलीच. आता मला ती रस्त्यावर आणायची आहे.

इंजिनचं काम मेस्त्रींकडं देणार आहे. पण वरचं धातूचं काम मला स्वतः करायचंय, कारण ह्याच गाडीवर आबा मला पुढं टाकीवर बसवून शाळेत सोडायचे. दुसऱ्याच्या हातनं चकचकीत करून आणली तर मला समाधान होणार नाही.

अवस्था अशी: दोन्ही बाजूंच्या इंजिन कव्हरवर पांढरी पूड धरलीय, खरवडली की खाली बारीक खड्डे दिसतात. दोन्ही सायलेन्सरवर तपकिरी ठिपके, एकाचं खालच्या अंगाचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटलंय. हँडल आणि हेडलाईटची रिंग बऱ्यापैकी. चाकांच्या रिमना आऱ्यांच्या मुळाशी गंज. स्टँड आणि फूटरेस्ट तर लालच. कार्ब्युरेटर राखाडी पडलाय.

एक जण म्हणतो संडास धुवायचं अ‍ॅसिड मार, दुसरा म्हणतो चिंच लाव, तिसरा म्हणतो सगळंच बफला (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) टाक. कुणाचं ऐकू?

राजारामपुरी_आरएक्स

भावा, रोडकिंग सोडू नकोस! अ‍ॅसिडचं अजिबात ऐकू नकोस. माझ्या आरएक्स हंड्रेडच्या क्रोमवरचे बारके ठिपके मी घरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉईलनं काढले. फॉईलचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा, हलक्या हातानं गोल गोल घासायचं. काळपट पाणी निघतं ते पुसत राहायचं. फॉईल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं ओरखडा येत नाही. तुझं हँडल आणि रिंग एवढ्यानंच होऊन जाईल. बाकीचं बफवाले काका सांगतील, त्यांची वाट बघ.

उद्यमनगरचा बफवाला

बाळ, गाडी उभी करायचीच. तुझ्या लिहिण्यावरनं तू मनापासनं करणार दिसतंय, म्हणून सविस्तर लिहितो. उद्यमनगरात ऑईल इंजिनाच्या पार्टांना बफ मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, मोटारसायकली त्या मानानं कमी केल्या, पण धातू तोच.

आधी एक गोष्ट, ती पॉलिशची नाही. किक मारायची नाही. बघायला आलेल्या कुणालाही मारू द्यायची नाही. टू-स्ट्रोकला क्रँकच्या खोलीत पेट्रोलबरोबर जाणारं ऑईल हेच काय ते वंगण. पुराचं पाणी आत गेलं की ते वाळून जातंय, गाळ मात्र बेअरिंगपाशी बसून राहतोय. तसंच फिरवलं तर जे वाचण्यासारखं आहे तेही खरवडून निघतंय. गिअरबॉक्सचं ऑईल खाली सोडून बघ. दुधासारखं निघालं तर पाणी आत होतं म्हणून समज. म्हणजे इंजिन उघडणं आलं, कव्हरं उतरणारच, मग ती टेबलावर घेऊन घास. गाडीवरच ठेवून घासलेलं कव्हर कडेला अर्धवट राहतंय आणि घासलेली पूड नको तिथं जातीय.

आता पॉलिश. चकाकी वरनं लावता येत नाही, धातू घासून कमी करावा लागतोय तेव्हा ती येतीय. म्हणून ज्या पार्टाकडं द्यायला धातू आहे त्यालाच घासायचं. लोहचुंबक घे आणि गाडीभर फीर. कव्हरांना चिकटणार नाही, ते ओतीव अ‍ॅल्युमिनियम, जाडी भरपूर. सायलेन्सर, हँडल, रिमला चिकटेल, म्हणजे लोखंडी पत्रा आणि वर क्रोमचा पातळ थर. कार्ब्युरेटरला चिकटणार नाही, पण म्हणून तो कव्हरासारखा घासू नकोस, ती जस्ताची मिश्रधातू, मऊ आणि अ‍ॅसिडला लगेच खाल्ली जाणारी. मऊ ब्रश आणि रॉकेल, एवढंच त्याच्या वाट्याला. बॅरलला, म्हणजे सिलिंडरला, चिकटलं तर ते ओतीव लोखंड, त्याला चकाकी नकोच, गंज घासून उष्णता सोसणारा काळा रंग दे.

चिंच, लिंबू, पितांबरी हे देवाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना. गाडीला नको. आणि सोडा! कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम टाकलं की ते फसफसून विरघळतंय, हायड्रोजन सुटतोय. गॅरेजमध्ये काही पोरं इंजिन धुवायला वापरतेत, कव्हर काळं पडून खरबरीत होतंय.

कव्हराचं काम असं कर. रॉकेलनं धुऊन, साबणानं धुऊन, वाळवून घे. वर जुनी लाखेसारखी पिवळट झिल्ली असेल तर आधी पेंट रिमूव्हरनं काढ, हातमोजे घालून, अंगणात. झिल्लीवर कितीही घासलंस तरी खाली काही होणार नाही. मग वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, लक्ष्मीपुरीत कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतोय. आकडा वाढेल तसा पेपर बारीक. खड्डे खोल असतील तर २२० पासनं, नाहीतर ३२० पासनं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाक, पेपर चिकट होऊन बसत नाही. खरी मेख इथं आहे: २२० उभा मारला तर ३२० आडवा मारायचा. उभ्या रेघा पूर्ण गेल्या की मगच ४०० उभा. असं ६००, ८००, १०००, १५०० पर्यंत. प्रत्येक पेपरनं दिशा बदलली की मागच्याची रेघ राहिलीय का हे उन्हात धरून दिसतंय. एक पेपर गाळलास की त्याची रेघ बफनंतर आरशात केस दिसावा तशी दिसतीय, आणि मग परत मागं जावं लागतंय.

पेपर बोटांवर धरू नकोस, बोटांच्या खाचा उठतेत. सपाट भागाला रबराचा तुकडा, वळणाला जुन्या चपलेचा मऊ तळ कापून घे. कडा, स्क्रूची भोकं आणि उठावाची अक्षरं असतील तर ती, ह्यांच्यावर हात हलका. तिथं धातू पटकन जातोय आणि कव्हर साबणाच्या झिजल्या वडीसारखं दिसायला लागतंय. गोल झालेली कड परत धारदार करता येत नाही. पॅकिंग बसतं त्या बाजूला पेपर लावायचाच नाही, नाहीतर ऑईल गळतंय.

आणि एक. प्रत्येक खड्डा काढायच्या मागं लागू नकोस. ओतकामाची वरची कातडी घट्ट असतीय, खाली काही ठिकाणी बारीक हवेची भोकं असतेत. खोल गेलास की गंजाचा खड्डा जातोय आणि ओतकामाचं भोक उघडं पडतंय. आपल्या शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचार. दोन-चार टिंबं राहू देत. ती पुराची आहेत.

बफसाठी बेंच ग्राइंडरला दगडाच्या जागी आधी सायसलचं (घायपाताच्या धाग्याचं) चाक आणि पॉलिशची तपकिरी वडी, मग मऊ सुती चाक आणि पांढरी वडी. तपकिरीचं चाक पांढरीला वापरायचं नाही. ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतोय, हे ध्यानात ठेव. पार्ट चाकाच्या मध्याच्या खाली टेकवायचा आणि पार्टाची कड कधी चाकाच्या तोंडाला द्यायची नाही. चाकानं कड पकडली की पार्ट हातातनं जातोय आणि पायावर येतोय. चष्मा, तोंडाला मास्क, बाह्या वर, गळ्यात काही नको. ह्यात मला कुणी हलगर्जीपणा केलेला चालत नाही, आमच्या शेजारच्या शेडमधल्या एका चांगल्या कारागिराची बोटं अशीच गेली. लोखंड घासलेल्या चाकावर अ‍ॅल्युमिनियम घासायचं नाही, दोन्हीची पूड एकत्र साचली आणि ठिणगी पडली तर भडका होतोय.

कव्हर तापलं की थांब. तापलेल्यावर वडीचा काळा थर ओढला जातोय. तो खडूची पूड आणि मऊ फडकं घेऊन पुसायचा.

गोकुळशिरगाव_प्लेटिंग

काकांनी कव्हराचं सगळं सांगितलंय, मी फक्त क्रोमबद्दल लिहितो, रोजचं काम तेच आहे.

वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. खरं संरक्षण त्याखालचं निकेल करतं. क्रोमला बारीक छिद्रं असतातच, ओल त्यातनं निकेलमधून लोखंडापर्यंत गेली की तपकिरी ठिपका वर येतो. म्हणून क्रोमला वॉटर पेपर कधीच नाही, एका फेरीत तो संपतो. संडासाचं अ‍ॅसिड म्हणजे मिठाचं आम्ल, ते क्रोम चक्क विरघळवतं. आमच्याकडं जुना थर काढायला तेच वापरतात, ह्यावरनं काय ते समजा.

ज्या सायलेन्सरवर फक्त ठिपके आहेत तो फॉईलनं घासून, वाळवून, मेणाचा हात देऊन ठेवा. ज्याचे पापुद्रे सुटलेत तो घरी होणार नाही. नवीन क्रोम घरी करायच्या फंदात पडू नका. त्या टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करतं, त्याची वाफ ओढून घ्यायला आणि पाणी शुद्ध करायला यंत्रणा लागते, आणि शेवटी ते पाणी पंचगंगेतच जायचं.

दुकानात देताना विचारायचं: आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम देणार का? थेट स्वस्तातलं क्रोम पहिल्या पावसाळ्यात उमटतं. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतनं जळक्या ऑईलनं भरलेला असतो, ते प्लेटिंगच्या टाकीत उतरलं तर टाकी खराब होते, म्हणून बरेच जण तो घ्यायला नाही म्हणतात. आतली नळी निघत असेल तर काढून, सगळं साफ करूनच न्या. रिम द्यायची तर आरे सोडवून द्या.

दुधाळीकर

काका, दादा, मनापासून आभार. चुंबक फिरवला. बॅरलला चिकटला. गिअर ऑईल सोडलं तर चहाच्या रंगाचं निघालं, म्हणजे इंजिन उघडायचं ठरलं. आबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, बोलले काही नाहीत, पण नंतर त्यांच्या जुन्या पान्यांचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

दोन प्रश्न राहिले. स्टँड, फूटरेस्टचा गंज कसा काढू? आणि कव्हर उजळल्यावर वर क्लिअर लॅकर मारू का?

उद्यमनगरचा बफवाला

आबांना सांग, उद्यमनगरातनं नमस्कार म्हणून.

स्टँडला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर. प्लास्टिकच्या बादलीत सोडा विरघळव, चार्जरची निगेटिव्ह स्टँडला, पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडाच्या पट्टीला, दोघं एकमेकांना टेकू देऊ नकोस. गंज सैल होऊन काळी राख राहतीय ती ब्रशनं निघतीय. उघड्यावर कर, हायड्रोजन सुटतोय, आणि हात घालायच्या आधी चार्जर बंद. पट्टी स्टेनलेसची घेऊ नकोस, तिच्यातनं वर प्लेटिंगवाल्यानं सांगितलेलं तेच विषारी क्रोमियम पाण्यात उतरतंय. अ‍ॅल्युमिनियम आणि क्रोमचे पार्ट ह्या बादलीत नाहीत. स्टँडची स्प्रिंग काढून ठेव, तिला ही बादली नको आणि अ‍ॅसिडही नको, हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होतीय. तिला तारेचा ब्रशच. बादलीतनं काढलेलं लोखंड धुऊन लगेच उन्हात वाळव आणि त्याच दिवशी प्रायमर मार, आपल्या हवेत ते रातोरात परत लाल होतंय.

लॅकर इंजिन कव्हरावर नको. तापून पिवळा पडतोय, आणि त्याखाली ओल शिरली की पांढरी पूड आतनं वाढतीय, मग सगळं परत काढत बसा. उघडंच ठेव, मेणाचा हात दे, पावसाळ्याआधी आणि दिवाळीला मेटल पॉलिशनं एकदा पूस. काम दसऱ्यानंतरच काढ.

कव्हरांचे स्क्रू लांबीला सारखे नसतेत. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढ, जिथला स्क्रू तिथंच भोक पाडून खोच. लांब स्क्रू आखूड भोकात घालून आवळला की कव्हर फुटतंय. निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर पिळू नकोस, गंज सुटायचं तेल घालून रात्रभर ठेव, सकाळी हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर लाव. डोकं झिजलेला स्क्रू परत वापरायचा नाही. नवीन बसवताना चुडीला थोडं तांब्याचं ग्रीस लाव, म्हणजे पुढच्या वेळी अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकून बसणार नाही.

पहिलं कव्हर ३२० झाल्यावर उन्हात फोटो काढून इथं टाक. ४०० ला जायचं का थांबायचं ते मी बघून सांगतो.