विषय: ब्रिटनमधल्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये अँबेसेडर?

नमस्कार मंडळी,

आज सकाळी स्टेशनच्या पार्किंगमध्ये एक गाडी दिसली आणि पाय तिथेच थबकले. फिकट हिरवा रंग, फुगीर बॉनेट, दोन्ही बाजूंना गोल दिवे, मागे डिकीशेजारी जरासे वर उचललेले कोपरे. अँबेसेडर! डोळ्यांवर विश्वास बसेना. समोरून माझी ट्रेन गेली, मी जाऊ दिली. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. फोटो जोडला आहे, नंबर झाकलाय. प्लेट काळी, वर रुपेरी अक्षरं: तीन अक्षरं, तीन आकडे, बास. मालक जवळपास नव्हता, त्यामुळे काचेला नाक लावून आत बघायचा संकोच वाटला.

ही ब्रिटनमध्ये आली कशी? कुणी हौसेने जहाजातून आणली असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

अ. ग.

*

ताई,

ट्रेन सोडलीत ते उत्तम केलंत. फोटो मोठा करून चार वेळा पाहिला. ही बहुधा अँबेसेडर नाही, अँबेसेडरची आई आहे: मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. इंग्लंडमध्ये ती १९५६ ते १९५९ एवढीच बनली. तोच साचा हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला नेला आणि तिथे तो, वरवरचे बदल होत होत, २०१४ पर्यंत चालला. इथे तीन-चार वर्षं, तिथे अर्धशतकाहून जास्त. म्हणून इथल्या माणसाला ऑक्सफर्ड आठवत नाही आणि आपल्याला ती लांबूनही ओळखू येते.

‘बहुधा’ म्हणालो त्याला कारण आहे. १९९०च्या दशकात काही अँबेसेडर ब्रिटनमध्ये रीतसर आयात झाल्या होत्या, त्यामुळे खरीखुरी अँबेसेडर दिसणं अशक्य नाही. निकाल नंबरप्लेटवरून लागतो आणि ही युक्ती सगळ्यांनीच शिकून घ्यावी अशी आहे. १९६३ पासून इथे नंबरात वर्षाचं अक्षर आलं. १९८३ पर्यंत ते शेवटी असायचं, १९८३ ते २००१ सुरुवातीला. शेवटी ‘एफ’ म्हणजे ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८, शेवटी ‘एस’ म्हणजे १९७७-७८. १९९३ साली आयात झालेल्या नव्या गाडीच्या नंबराची सुरुवात ‘के’ किंवा ‘एल’ने झाली असती. तुमच्या गाडीला वर्षाचं अक्षरच नाही, म्हणजे नोंदणी १९६३च्या आसपासची किंवा त्याआधीची. यात एक पळवाट आहे: हौशी लोक जुना, वर्ष न सांगणारा नंबर विकत घेऊन नव्या गाडीला लावतात. उलटं मात्र करता येत नाही, जुनी गाडी नवी भासेल असा नंबर मिळत नाही. शंका फेडायची तर डीव्हीएलए, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या साइटवर नंबर टाका, कंपनी आणि सालासकट नोंद समोर येते.

नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. १९७३ पासून नव्या गाड्यांना प्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या प्लेटा सक्तीच्या झाल्या, त्याआधी काळी प्लेट सर्रास होती. पण १९८०च्या आधी बनलेली आणि ऐतिहासिक म्हणून नोंदलेली गाडीही आज काळी प्लेट लावू शकते.

आता दिवस बघण्याचे आहेत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चेसिसच्या सांध्यांत जाऊन बसतं आणि पत्रा खातं, म्हणून जीव लावणारे मालक तेव्हा गाडी बाहेर काढत नाहीत. एप्रिल उजाडला की एकेक बाहेर पडते. शिवाय ४० वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे आणि फार फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीही लागत नाही. त्यामुळे त्या फक्त मेळाव्यात नाही, भाजी आणायला निघालेल्याही भेटतात.

मला स्वतःला मॉरिस मायनर ट्रॅव्हलर दिसली की पुढे जाववत नाही. मागच्या अर्ध्या भागाला लाकडी चौकट असते. पुष्कळ जण ती शोभेची समजतात. ती ॲश लाकडाची आहे आणि मागचा सगळा सांगाडा तिच्यावर उभा आहे. लाकूड कुजलं तर गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची राहत नाही. जवळ गेलात तर काचेखालच्या खाचेत बघा, पाणी साचून तिथे हिरवं शेवाळं धरलेलं असतं. मी एका मालकाला जुन्या दातांच्या ब्रशने ते काढताना पाहिलंय. शेजारी खुर्ची टाकून बसला होता, अर्धा तास एका खिडकीला.

ट्रायम्फ हेरल्ड दिसली तर दारं मोजा. इथल्या हेरल्डला दोनच. चार दारांची हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने भारतासाठी काढली होती. आणि १९५०च्या दशकातली फियाट ११०० सापडली तर पुढचं दार उघडताना बघा, सुरुवातीच्या गाड्यांत ते मागच्या बाजूला बिजागरीवर असायचं. आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणायचे तीच.

एक विनंती. सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणू नका. इथल्या क्लबांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९३०च्या अखेरपर्यंतची, आणि व्हेटरन म्हणजे १९०५ च्या आधीची. लंडन-ब्रायटन फेरीत याच व्हेटरन गाड्या धावतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे हाइड पार्कातून निघतात. तुमची हिरवी बाई क्लासिक.

वि. म.

*

काका, ताई,

मी आता हाम्बुर्गला असते, पण तुमच्या मेली अजून येतात आणि ही वाचल्यावर राहवलं नाही.

इथे एका जुन्या वाहनांच्या मेळाव्यात तीन चाकांचा छोटा मालवाहू ट्रक उभा होता. पुढे एक चाक, मागे उघडा हौदा, नाकावर धातूची अक्षरं: टेम्पो. मी तो शब्द वाचला आणि तशीच उभी राहिले. आपण सामान हलवायला ‘टेम्पो’ बोलावतो तो शब्द हे नाव आहे! हारबुर्ग, म्हणजे आजच्या हाम्बुर्गचाच भाग, तिथली विडाल अँड झोन ही कंपनी हे ट्रक बनवायची. त्यांच्याशी मिळून भारतात बजाज टेम्पो उभी राहिली. इथली कंपनी केव्हाच संपली. आपल्याकडे गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिला टेम्पोच म्हणतात. मॅटाडोर हे नावही यांचंच.

जर्मनीत ओळखायची सोपी खूण म्हणजे नंबराच्या शेवटी ‘एच’. गाडी किमान ३० वर्षांची आणि मूळ रूपात जपलेली असेल तरच तो मिळतो.

मे. दे.

*

मंडळी,

चारचाकींचं झालं, दुचाकींचं कोण बोलणार? मी बोलतो.

गेल्या रविवारी पेट्रोल पंपावर बुलेट ३५० उभी होती. हेडलाइटच्या वर दोन बारके पायलट लॅम्प, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मी मनात म्हटलं, रेडिचची दिसते, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या मूळ इंग्लिश कारखान्यातली. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचे गिअर उजवीकडेच असायचे, अमेरिकेतल्या नियमांमुळे ७०च्या दशकात सगळ्यांना ते डावीकडे न्यावे लागले. पण काका म्हणतात तसं नंबराच्या शेवटी पाहिलं तर ‘एक्स’, म्हणजे १९८१-८२. रेडिचचा कारखाना १९६७ सालीच बंद झालेला! मग लक्षात आलं: मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेट जुळवायला लागले, आणि १९७७ पासून तीच बुलेट उलट ब्रिटनला निर्यात व्हायला लागली. ज्या गावाने दुसऱ्याला शिकवलं त्यालाच त्या शिष्याने माल पुरवला.

मालक सत्तरीचे. मी ‘मद्रास?’ एवढंच विचारलं तर त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, चालू करून दाखव. किल्ली फिरवली, ॲमीटरचा काटा डावीकडे पडला. किक हळूहळू दाबत नेली, काटा उचलून मध्यावर आला तिथे थांबलो. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे ढकलला, लिव्हर सोडला, किक वर येऊ दिली, आणि मग पूर्ण वजनाने एकच लाथ. पहिल्या किकमध्ये लागली! ती धकधक ऐकताना माझा हात हँडलवरच राहिला. काटा बघायचा धडा मला वडिलांनी शिकवला होता, तोच या गृहस्थांना त्यांच्या मेकॅनिकने शिकवलेला. टाचेने न्यूट्रल शोधायची छोटी पट्टीसुद्धा अजून जागेवर होती.

मोटरसायकल बघताना आधी कान लावा. सिंगल सिलिंडर प्रत्येक ठोका सुटा देतो, ट्रायम्फ-बीएसएच्या दोन सिलिंडरवाल्या ट्विनचा आवाज भरीव, सलग येतो. मग खाली बघा. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असेल तर जावा. यानेचेक (Janeček) आणि वांडरर (Wanderer) या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालंय, आपली येझदी त्याच घरातली. आणि मालक नसेल तर हात लावू नका, सीटवर बसून फोटो तर अजिबात नको. सायलेन्सर तापलेला असतो, आणि रंग चढवायला त्या माणसाचे महिने गेलेले असतात.

नि. पा.

*

काका, मेघाताई, नि. पा.,

गुरुवारी ती पुन्हा त्याच जागी होती. नंबर साइटवर टाकला: मॉरिस, १९५७. काका, तुमचं बरोबर निघालं.

मग मी मालक येईपर्यंत थांबले. साठीच्या बाई निघाल्या, मालक नव्हे मालकीण. मी सांगितलं की या गाडीची मुलगी २०१४ पर्यंत भारतात बनत होती. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, आणि डिकी उघडून पुठ्ठ्याचा खोका दाखवला. पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश. इथे मिळेनात, म्हणून अँबेसेडरसाठी बनलेले कोलकात्याहून मागवले आणि तंतोतंत बसले. चार लावलेत, चार पुढच्यासाठी ठेवलेत.

मला त्यांनी आत बसवलं. स्टिअरिंगलगतचा गिअर, समोर ते लांबच लांब बॉनेट, आणि दार ओढून घेतलं तेव्हाचा तो भरीव आवाज. तो तरी सांगायला नको, आपल्याला सगळ्यांना पाठ आहे.

शनिवारी सकाळी त्या बॉनेट उघडून ठेवणार आहेत. इंजिन नंबर वाचायचा आहे, पण तो ग्रीसखाली गेलाय. काका, तुम्ही येताय ना? टॉर्च आणि फडकं मी आणते.

अ. ग.