माहेरचं आडनाव, सासरचं तिकीट : हनिमूनला तुमचं काय झालं?

गल्लीतली उमा

काल दुपारी भाचीचा फोन. लग्न वीस दिवसांवर आलंय आणि आवाज रडवेला. म्हटलं मोडलं की काय! तर नवऱ्यामुलानं हौसेनं बालीचं तिकीट काढलंय आणि हिच्या नावापुढं आपलं आडनाव घातलंय. पासपोर्ट अर्थातच माहेरच्या नावाचा. "मावशी, त्याला मला सरप्राइज द्यायचं होतं." दिलं की मग.

तिला धीर दिला, फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. पणजीच्या त्या लॉजचं काउंटर डोळ्यांपुढं आलं.

डिसेंबर १९९६. कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची पणजी गाडी, आंबोलीमार्गे. हातात हिरवा चुडा, अंगाला अजून हळदीचा वास, आणि ह्यांच्याशी तोवर झालेलं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. लॉज शोधलं. ह्यांनी रजिस्टरात नाव लिहिलं, पुढं 'व सौ.' लिहिलं. मॅनेजरनं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं, "बाईंची पण सही." मी सवयीनं केली. कॉलेजात करत होते तीच. माहेरचं आडनाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. मॅनेजरनं कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. एकदा वरचं नाव वाचलं, एकदा खालचं. मग पेनाला टोपण लावलं. "नवरा-बायको म्हणालात ना?"

ह्यांनी चुडा दाखवला, मेंदी दाखवली. तो म्हणे मेंदी काय, कुणी पण काढतंय. लग्नपत्रिका? ती सासूबाईंनी बॅगेत घातली होती, मीच 'कशाला ओझं' म्हणून काढून ठेवलेली. शेवटी लॉजच्याच फोनवरून घरी एसटीडी. घरी म्हणजे शेजारच्या किराणा दुकानात. दुकानदार मामंजींना बोलावून आणेपर्यंत मॅनेजर घड्याळाकडं आणि आम्ही मॅनेजरकडं बघतोय. मामंजी आले आणि असे ओरडले की काउंटरच्या अलीकडं मला स्पष्ट ऐकू आलं, "सून हाय माझी ती! गुमान खोली दे, न्हाईतर मी येतो पुढच्या गाडीनं!"

खोली मिळाली. तीनच दिवस होतो, पण जाता-येता तो मॅनेजर ह्यांना थांबवायचा, "वडलांना कळवा हं, सगळं व्यवस्थित आहे म्हणून."

नंतर नाव सगळीकडं बदललं. बँकेतली सही मात्र अजून तीच आहे, टिंबांसकट. 

तुमचं लिहा. भाचीला वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा जपून.

कट वाढा

मामंजींना मुजरा! नाद खुळा माणूस. पुढच्या गाडीनं आले असते तर हनिमूनला तिघं.

गल्लीतली उमा

तिघं कुठले, पाच. सासूबाई आणि नणंद काय मागं राहिल्या असत्या होय?

पाटलीण स्क्वेअर

माहेरची पाटील, सासरची पण पाटील. कोल्हापुरात दगड मारला तर पाटलालाच लागणार म्हणा. लग्नात सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या, तुझं बरं बाई, काही बदलायला नको. कसलं बरं! आडनाव तेच राहिलं, मधलं नाव गेलं की. वडलांच्या जागी नवरा. आणि आपल्याकडच्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडलांचं असं दोन्ही एका ओळीत. तिकडं परदेशात वडलांचं नाव पण माझंच समजतात. थायलंडला हॉटेलात तीन दिवस मला वडलांच्या नावानं हाक मारत होते. "मिस्टर दत्तात्रय" म्हणून चहा यायचा. नवरा हसून हसून आडवा.

पासपोर्टात बदल करायला तेव्हा पुण्याला जावं लागलं, इथं पोस्टातली सोय झाली नव्हती. पहाटे निघालो. खिडकीवरचा माणूस अर्ज बघून म्हणतो, "मॅडम, जुनं आडनाव पाटील, नवीन पाटील. बदल काय आहे नक्की?" म्हटलं, माझं पण हेच म्हणणं आहे.

कट वाढा

मिस्टर दत्तात्रय 😂😂 मेलो

तिकीटवाला शाहूपुरी

या धंद्यात आहे म्हणून घाईत लिहितो, गिऱ्हाईक समोर आहे. ही केस लग्नसराईत दर आठवड्याला येते. उमाताई, भाचीला सांगा : विमानाचं तिकीट पासपोर्टात जे नाव आहे अगदी तेच. एखाद्या अक्षराची चूक असेल तर बऱ्याचदा दुरुस्त होते, अख्खं आडनाव बदलायचं म्हटलं की सहसा रद्द करून नवीन काढा म्हणतात. त्यामुळं आजच फोन करा, उद्या नको. पासपोर्टाची मुदत पण बघा, इंडोनेशियाला पोचायच्या दिवशी सहा महिने तरी शिल्लक लागते. लग्न झालं म्हणून जुना पासपोर्ट बाद होत नाही. आधी फिरून या, मग काय बदलायचं ते निवांत बदला.

देशातल्या देशात असेल तर तिकिटावरचं नाव आणि हातातलं ओळखपत्र जुळलं म्हणजे झालं. रेल्वेला तर एका तिकिटावर दोघं असाल तर दोघांपैकी एकाचं मूळ ओळखपत्र पुरतं. म्हणून मी नवीन जोडप्यांना सांगतो, पहिल्यांदा रेल्वेनं जा, भांडणं कमी होतात.

आणि आधारवर नाव बदलायची घाई करू नका. आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एकजण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बदलून आली, त्यात नवऱ्याच्या नावाची वेलांटी चुकली. दुसरी संधी वेलांटीत गेली बिचारीची.

निवांत

पॅन कार्डचा नंबर बदलतो का हो नाव बदललं की?

तिकीटवाला शाहूपुरी

नाही. नंबर तोच, कार्डावरचं नाव बदलतं.

जुनी जाणती

तुम्ही पोरी बाली नि थायलंड करताय. आमचा हनिमून पन्हाळा. १९८४. आधी अंबाबाई, मग जोतिबा, मग नरसोबाची वाडी, आणि 'आता आलोच आहोत तर' म्हणून पन्हाळा. जीप ठरवलेली. जीपमध्ये आम्ही दोघं, सासूबाई, मोठे दीर-जाऊ, त्यांची दोन पोरं आणि भाकरीचं गाठोडं. ड्रायव्हर वेगळा.

लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं, 'वैशाली'. मी शकुंतला. कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. ताटात वाचलं तेव्हा कळलं. तबक बागेत पोरं खेळत होती, मी जरा बाजूला जाऊन खाली दरीत बघत उभी. मागनं सासूबाई हाक मारतायत, "वैशाली... ए वैशाली." मी आपली शांत. मनात म्हटलं, कोण ही वैशाली, जात का नाही बाई, म्हातारी केव्हाची हाक मारतेय. तिसऱ्या हाकेला जाऊबाईंनी पदर ओढला. "अगं तूच!"

सासूबाईंना वाटलं नवी सून तोऱ्यात आहे. दोन महिने तसंच वाटत होतं त्यांना, नंतर मीच सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "माझं पण तसंच झालंतं." त्यांचं पहिलं नाव काय होतं विचारलं तर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, चूल बघ."

ते नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. 

पाटलीण स्क्वेअर

काकू 🙏 चूल बघ वाचून गलबललं.

लवंगी मिरची

मी नाव बदललं नाही. २०१९ ला लग्न झालं. बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही, हे मला सासरच्या चौदा माणसांना वेगवेगळं समजावून सांगावं लागलं. एका चुलतसासऱ्यांना दोनदा.

हनिमूनला सिक्कीमला गेलो होतो. नथुलाचा परवाना काढायला दोघांची ओळखपत्रं, फोटो दिले, आडनावं वेगळी. मी भाषण तयार ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही! वर एवढी थंडी की तिथल्या जवानालाच वाटलं असेल, बाई तुझं आडनाव काहीही असू दे, लवकर खाली जा.

विचारलं ते नवऱ्याच्या पुण्याच्या आत्यांनी, आणि ते पण आडनावावरनं नाही. मी फोनवर म्हटलं "मी पोचलो, जेवलो, आता झोपतो." त्या घाबरून नवऱ्याला म्हणे, कोण मुलगा बोलत होता रे तुझ्या बायकोच्या फोनवर?

कट वाढा

कोल्हापूरची बाई 'मी येतो'च म्हणणार. येते म्हणाली तर ती सोलापूरकडची 😄

जुनी जाणती

सोलापूरला नावं ठेवू नकोस रे, माझं माहेर आहे.

कट वाढा

चुकलो काकू. शेंगाचटणी पाठवा.

लवंगी मिरची

अजून एक राहिलंच. लेकीच्या जन्मदाखल्यावर आता आधी तिचं नाव, मग माझं, मग बापाचं, मग आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना तसा नियम झालाय. चुलतसासरे दाखला हातात घेऊन बराच वेळ बघत होते. म्हणाले, "बरं दिसतंय की." पाळणा हलवायला लागले.

गोकाकचा पाव्हणा

मी उमाताईंच्या भाचीच्या नवऱ्याच्या जातकुळीतला. २०१४. बेळगावहून विमान, पुढं कोची. बायकोच्या तिकिटावर माझं आडनाव, तिच्या सगळ्या कागदांवर तिचं. सांबऱ्याच्या विमानतळाच्या दारातनंच परत. नवीन तिकीट त्या दिवशी मिळेना, मिळत होतं त्याचे पैसे ऐकून माझा घसा कोरडा. ती बॅगेवर बसून. बोलत नाही, रडत नाही, नुसती मेंदी बघतेय. ते जास्त भयाण.

आता घरी कुठल्या तोंडानं जायचं? स्टेशनवर... चुकलो, इकडं कोल्हापुरात कावळा नाक्यावर अख्खी गल्ली निरोपाला आली होती, हार घालून. मग चार दिवस बेळगावातच काढले. कुंदा खाल्ला, एक दिवस गोकाकला धबधबा बघायला गेलो. तिथं तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं, "इथं फोटो काढ. घरी सांगू केरळ." तिथंच कळलं, हिच्यासोबत जन्म निघंल.

तो फोटो फ्रेम करून आईनं हॉलमध्ये लावलाय. अकरा वर्षं झाली. पाव्हणे आले की सांगते, हे आमचे दोघं केरळला. परवा एक निपाणीचे काका बराच वेळ फोटोजवळ उभे राहिले. चष्मा पुसून परत बघितला. मी त्यांना चहाला आत नेलं.

तिकीटवाला शाहूपुरी

😂😂😂 गिऱ्हाईकाला वाचून दाखवलं. त्यानं तिकिटावरचं नाव परत तपासलं.

पाटलीण स्क्वेअर

गोकाकला गेलात आणि तिथली प्रसिद्ध मिठाई, करदंट, ते आणलं नाहीत?

गोकाकचा पाव्हणा

आणलं असतं, पण केरळात करदंट कसं मिळालं सांगणार?

सांजवात

सगळे हसताय तर लिहावं का नको कळत नव्हतं. लिहिते.

आमचं १९८८. म्हैसूर-उटी. वृंदावन गार्डनला संध्याकाळी कारंज्यांपुढं फोटोवाल्यानं उभं केलं, "नवऱ्याकडं बघा" म्हणाला. मला एवढी लाज वाटली की मी कारंज्याकडं बघितलं. फोटो तसाच आला. ते समोर, मान ताठ, मोठ्या कॉलरचा शर्ट. मी अर्धी वळलेली.

हे सरकारी नोकरीत होते. सहा वर्षांपूर्वी गेले. निवृत्तिवेतनाच्या कागदांना दोघांचा एकत्र फोटो मागितला. आमच्या घरात लग्नाचे फोटो २००५ च्या पुरात खराब झालेले, आणि नंतर कायम हेच कॅमेऱ्यामागं. सापडला तो म्हैसूरचा. कार्यालयातला माणूस म्हणतो, बाईंचा चेहरा समोर नाही. आणि सर्व्हिस बुकात माझं ताटातलं नाव, आधारवर शाळेतलं. दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करा. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, सात-आठ महिने गेले.

शेवटी एक वयस्कर साहेब आले, त्यांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, लाजलेल्या दिसतायत. आणि सही केली.

ज्यांचं राहिलंय त्यांनी लग्नाचा नोंदणी दाखला काढून ठेवा बायांनो. आणि नवऱ्याच्या कार्यालयात आपलं नाव काय लिहिलंय ते एकदा बघून या.

जुनी जाणती

ताई, जवळ असता तर येऊन बसले असते.

सांजवात

मी उत्तरेश्वर पेठेत. या की.

जुनी जाणती

अगं बाई, मी शुक्रवार पेठेत! मंगळवारी येते. शेंगाचटणी घेऊन.

कट वाढा

ती माझी होती 😐

निवांत

बायकोला आत्ता विचारलं, माझ्या ऑफिसात तुझं नाव काय लिहिलंय माहीत आहे का. म्हणाली, तुला तरी माहीत आहे का? उद्या बघतो.

गल्लीतली उमा

भाचीचं झालं. पोरानं तिकीट रद्द करून नवीन काढलं, पैसे थोडे बुडाले, पण आता पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर तिला वाचून दाखवत काढलं म्हणे. शुभशकुन समजायचा. पाव्हण्याची गोष्ट वाचून दाखवली तर विचारतेय, गोकाक किती लांब आहे?

ह्यांना हे सगळं सांगताना बँकेतल्या सहीचं पण तोंडातनं गेलं. म्हणाले, "माहीत आहे. चेकबुक मीच आणतो की."

पाटलीण स्क्वेअर

ओव्ह! 

बरं, ते करदंट कोल्हापुरात चांगलं कुठं मिळतं?

गोकाकचा पाव्हणा

मला विचारू नका. आई वाचते हे.